दिघेबाईंची वाईची बरणी

दिघेबाईंकडे आज कसली आमटी आहे, यावरून आमच्या गल्लीला शेअर बाजाराची तब्येत कळायची. मसुराच्या आमटीचा वास आला की समजायचं, बाजार पडला. वास नाही आणि बाई पिशवी घेऊन दाल बाजाराकडे निघालेल्या दिसल्या, तर बाजार चढला. ग्वाल्हेरमध्ये पैसे गुंतवणारे पुष्कळ आहेत, पण आपल्या गुंतवणुकीला फोडणी देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीखालच्या फळीवर सारख्या मापाच्या पाच काचेच्या बरण्या होत्या. तूर म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवी, उडीद म्हणजे पोस्ट, हरभऱ्याची डाळ म्हणजे सोनं, मूग म्हणजे म्युच्युअल फंड आणि मसूर म्हणजे शेअर. एक वाटी म्हणजे किती पैसे, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मोबाईलवरचे आकडे वाचायचे आणि बाई त्या हिशेबानं बरण्यांत डाळ घालायच्या किंवा काढायच्या. काढलेली डाळ त्या आठवड्यात शिजायची. घालायची असेल तर दाल बाजारातून आणायची. तिथला ठरलेला दुकानदारही तयारीचा होता. बाई दिसल्या की विचारायचा, "मास्टरनी जी, आज मसूर ले रही हो, मतलब बाजार चढ़ गया?" बाई म्हणायच्या, "भाव पूछने मैं आई हूँ कि आप?"

बाई शाळेत आम्हाला भूगोल शिकवायच्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मुलींच्या शाळेत चाळीस मुलींच्या वर्गाकडून त्यांनी नकाशे रंगवून घेतले ते असे, की गव्हाचा पिवळा आणि कापसाचा पांढरा मला आजही झोपेत ओळखता येईल. "रंग दिसला की समजतं. आकडा नुसता अंगावर येतो," असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन मी त्यांच्याच गल्लीत राहायला आले आणि विद्यार्थिनीची शेजारीण झाले, तरी त्या माझ्यासाठी बाईच राहिल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. इंदूरला भाऊ आणि वहिनी होते, ते सणावाराला यायचे.

मी त्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं. त्यात सगळी गुंतवणूक एका रंगीत वर्तुळात दिसायची, कापलेल्या पोळीसारखी. बाईंनी चष्मा वर करून, खाली करून ते पाहिलं. "अगं सरोज, ही पोळी छान आहे, पण हिला हात लागत नाही. मला कसं समजणार, किती आहे ते?" दुसऱ्या दिवशी त्या टोपी बाजारातून बरण्या घेऊन आल्या. मला वाटलं, आठ दिवसांची हौस आहे. पण मग एका रविवारी मसुराची बरणी तुरीच्या वर गेलेली त्यांनी उभ्या उभ्या पाहिली आणि म्हणाल्या, "ही फार डोक्यावर चढली आहे. थोडी विकून टाक आणि तुरीत घाल." माझ्या नवऱ्यानं त्याच गोष्टीसाठी एका सल्लागाराला फी दिली होती. ते मी बाईंना सांगितलं नाही, नवऱ्याला मात्र बरेचदा सांगितलं.

एकाच जागी सगळं ठेवणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. "नुसती तूर खाऊन तू किती दिवस राहशील? मग नुसत्या एफडीवर लोक कसे राहतात?" चैत्रात मुगाला किडे झाले तेव्हा त्यांनी सगळ्या डाळी गच्चीवर पसरल्या. समोरच्या शर्माजींनी विचारलं, "बहनजी, पापड़ हैं क्या?" बाई शांतपणे म्हणाल्या, "नहीं भाईसाहब, म्यूचुअल फंड है. धूप दिखा रही हूँ."

आता सहाव्या बरणीचं सांगायला हवं, कारण बाकीचा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. ही बरणी मोठी. तिच्या गळ्याखाली लाल दोरा बांधलेला. पाचही बरण्यांतून दर महिन्याला थोडी थोडी डाळ काढून बाई तिच्यात घालायच्या, म्हणजे तेवढे पैसे वेगळे धरले. ती पंचमेळ डाळ लाल दोऱ्यापर्यंत आली की वाईला बाल्कनीचं, दोन खोल्यांचं घर घ्यायचं आणि तिथे कायमचं राहायला जायचं, हे ठरलेलं होतं.

दिघ्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलं ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पण बाईंचे वडील "आम्ही वाईचे" असं म्हणायचे ते मागच्या आठवड्यातच गाडीतून उतरल्यासारखं. बाईंनी वाई लहानपणी एकदाच पाहिली होती. नदीच्या पायऱ्यांवर बसून भाजलेल्या शेंगा खाल्ल्याचं तेवढं आठवायचं. तेवढ्यावर त्यांनी एक आख्खं गाव मनात उभं केलं होतं. "इथे आपण किती दिवस झाले तरी बाहेरचेच, सरोज. 'मराठे लोग' म्हणतात आपल्याला. माणसानं शेवटी आपल्यातल्यांत जावं." मी मान डोलवायचे. खरं सांगायचं तर त्या बरणीत पडणारी एकेक मूठ मला टोचायची. आई गेल्यापासून माझ्या घरी न सांगता, न विचारता आत येऊन बसणारं बाईंशिवाय कुणी नव्हतं. त्या जाऊ नयेत असं मला वाटायचं, आणि त्यांच्या जाण्याचे आकडे मीच वाचत होते.

एका दसऱ्याला इंदूरचे भाऊ-वहिनी आले होते. बाई पूजेत होत्या. गल्लीतली आम्ही आठ-दहा माणसं जेवायला. वहिनींनी मदत म्हणून स्वयंपाक हाती घेतला. पानं वाढली. पंचमेळ डाळ अशी झाली होती की शर्माजींनी तीनदा मागून घेतली. बाईंनी पहिला घास घेतला, हात थांबला, आणि त्यांनी फळीकडे पाहिलं. मोठी बरणी रिकामी, वर धुऊन पालथी घातलेली.

"वहिनी, ही डाळ तुम्ही कुठली घेतलीत?"

"ती मिक्स होती ना, मोठ्या बरणीतली. मी म्हटलं, तुम्ही तयारच करून ठेवलेली आहे. का हो, काही चुकलं का?"

मी बाईंकडे बघत होते. बाईंनी घास गिळला. "नाही, मीठ बरोबर आहे. फक्त बाल्कनी थोडी कच्ची राहिली." आणि मग त्या हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पैसे अर्थातच जागच्या जागी होते. सोमवारी दाल बाजारातून आणून बरणी पुन्हा भरली. पण गल्लीतली मंडळी पुढे कित्येक दिवस एकमेकांना सांगत होती की आम्ही बाईंचं वाईचं घर जेवलो, आणि चांगलं होतं.

टाळेबंदीत बाजार कोसळला तेव्हा बाईंनी महिनाभर मसूर खाल्ली. मीच घाबरून रोज आकडे बघायचे. बाई म्हणायच्या, "अगं, तू कशाला परेशान होते आहेस? बरणी फुटली तर नाही ना? खाली गेली आहे, वर येऊन जाईल." ती आली. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी पंचमेळ डाळ लाल दोऱ्याला टेकली.

घर बघायला त्यांच्याबरोबर मी गेले. नदीपासून जवळच, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि हातभर बाल्कनी. बाई बाल्कनीत उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा चेहरा मी शाळेतसुद्धा इतका तरुण पाहिला नव्हता. त्या घरमालकाला म्हणाल्या, "काय छान हवा येऊन राहिली आहे हो इथे! माझ्याजवळून तर आता इथून हलणंच होणार नाही."

घरमालक भला माणूस होता. पाहुण्यांना अवघड जाऊ नये म्हणून तो हसून म्हणाला, "मॅडम, आप हिंदी में बोलो ना. हमको हिंदी समझता है."

ज्यांनी आमच्या दोन पिढ्यांच्या मुलींना "मराठी नीट बोला" म्हणून रागावलं, त्या बाई बाल्कनीच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी व्यवहाराचं सगळं बोलणं मराठीतच केलं, सावकाश, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं. मला त्या माणसाचा राग आला, आणि मनात कुठेतरी आशाही वाटली की आता बाई घरी परत येतील.

परतीच्या गाडीत भुसावळ गेलं तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दोन वर्षं राहिलं की सुधारेल माझी मराठी. मुलींची नाही का सुधारत?"

त्यांनी घर घेतलं. निघण्याआधी मोठ्या बरणीतली डाळ त्यांनी स्वतः शिजवली आणि गल्लीला जेवायला घातलं. त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा मागून घेतली नाही. स्टेशनवर शर्माजींनी आमच्याकडच्या तीळ-गुळाच्या गजकाचे डबे आणले होते, एकीकडे डोळे पुसत होते आणि "पहुँच के फोन करना" इतकंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी डब्यात चढून सामान लावलं. बाई म्हणाल्या, "उतर आता, गाडी सुटेल." मी उतरले.

फोन यायचा. आधी दर रविवारी, मग दोन-तीन आठवड्यांनी. बाई थोडक्यात बोलायच्या. "मजेत आहे. नदी छान आहे. शेजार चांगला आहे. तू जेवलीस का?" ग्वाल्हेरचं काही सांगायला लागले की म्हणायच्या, "बरं, ठेवते आता." मला वाईट वाटायचं. मी मनाशी म्हणायचे, बाईंना त्यांची माणसं मिळाली, आता आपली काय आठवण येणार. पहिल्या रविवारी मी उगीच त्यांच्या जुन्या दारासमोरून जायचे. तिथे नवीन भाडेकरू आले होते, त्यांच्याकडून कसलाच ओळखीचा वास यायचा नाही.

मागच्या थंडीत त्यांच्या भावाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. माझं जाणं झालं नाही. महिन्याभरानं गेले, तोवर भावानं सामान आवरून घर विकायला काढलं होतं. कुलूप होतं. मी जिन्यात उभी होते तेव्हा शेजारचं दार उघडलं आणि माझ्याच वयाची एक स्त्री बाहेर आली. तिनं मला नीट पाहिलं.

"तुम्ही सरोज ना? ग्वाल्हेरच्या?"

तिनं मला आत नेलं. तिच्या मुलीला गजक कसं कुटतात ते माहीत होतं. तिच्या सासूला शर्माजींचे गुडघे दुखतात हे माहीत होतं. मी पाहिलेलं सगळं ग्वाल्हेर त्या घरात चहाच्या कपांमधून इकडे तिकडे फिरत होतं. "बाई रोज संध्याकाळी इथं बसायच्या," ती म्हणाली. "ग्वाल्हेरशिवाय दुसरं बोलणंच नाही. तुमच्या गल्लीतच दोन खोल्या घ्यायच्या होत्या त्यांना. पैसे साठवायला लागल्या होत्या परत."

मला म्हणाल्या नाहीत, मी म्हटलं.

"आम्ही म्हणायचो ना, सांगा तिला म्हणून. तर म्हणायच्या, नको, माझी मी जाईन. सरोजला कळलं तर ती लगेच न्यायला येईल."

आले असते. त्याच संध्याकाळी निघाले असते.