लाइटचं यमक

आमच्यात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचंच तर उखाण्यात. त्यामुळे मी सातवी नापास असले तरी एक विद्या चांगली कमावली. गोरेगावातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक सगळ्या सुनांचे उखाणे मीच करून दिलेत. पद्धत सोपी आहे. शेवटचा शब्द आधी पकडायचा, मग मागे मागे येत ओळ विणायची. यमक मात्र खणखणीत हवं. ढिलं यमक घेऊन एखादी उभी राहिली की समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसतात.

आमचे हे लाइटमन. सासरे गिरणीत होते, पण गिरण्या बंद पडायला लागल्या तेव्हा ह्यांनी गोरेगाव पूर्वेच्या सिनेमाच्या स्टुडिओत काम धरलं आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. वर बांधलेल्या फळ्यांवर चढून दिवे फिरवायचे. मला कधी नावानं हाक मारली नाही त्यांनीसुद्धा. आमच्या मालवणकडचं एकच अक्षर, 'गो'. 'पाणी दी गो', 'येतंय गो'. तेवढ्यावर संसार झाला की हो.

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला, वाचा मात्र गेली. म्हणजे सगळीच नाही, एक शब्द उरला. लाइट.

घरी आणलं त्या दिवशी म्हणाले, "लाइट." सुनेनं ट्यूब लावली. परत म्हणाले, "लाइट." तिनं बाल्कनीतला बल्बही लावला. भर दुपारी घरात लग्नाचा मांडव असल्यासारखा उजेड, आणि हे आपले मान हलवतायत, लाइट, लाइट. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, शेवटी तांब्याकडे हात केला तेव्हा कळलं आम्हाला. त्यांना पाणी हवं होतं. भूक लागली तरी लाइट, पाठ खाजली तरी लाइट. बाकीचे सगळे शब्द आत कुठेतरी बंद पडलेले.

बोलायला शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. चुणचुणीत. ती म्हणाली, "आजी, पहिले काही महिने महत्त्वाचे. त्यांच्याकडे जो शब्द आहे ना, त्याचाच हात धरून पुढे जायचं. त्याच्याशी जुळणारे शब्द शोधा. तुम्ही ओळ म्हणा आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा."

मी म्हटलं, "अगं, मला इंग्लिश कुठे येतंय?"

सून आतून म्हणाली, "आई, काल तर म्हणालात ब्लाउज टाइट झाला."

खरंच की! मी भाजी निवडता निवडता मोजायला बसले. टाइट. फाइट. नाइट. राइट. हाइट. व्हाइट. टीव्हीवाले घेतात तो बाइट. एक एक करत ओळच लागली. शाळेनं दिलं नाही ते एवढं इंग्लिश माझ्या तोंडात कधी येऊन बसलं, मला पत्ताच नाही! भाजी तशीच राहिली. आपल्याच घरात एक खोली जास्त निघावी तसं वाटलं मला.

मग मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि ठेक्यात म्हटलं,

"साहेब आले सेटवर, लावा म्हणाले लाइट,
हिरो बसला खुर्चीवर, डमी करतो…"

आणि थांबले. ह्यांचे ओठ हलले. कपाळावर आठ्या पडल्या. मग कुठून खोल विहिरीतून बादली वर यावी तसा शब्द आला. "फाइट."

मी सुनेकडे बघितलं. सून माझ्याकडे. माझ्या तर अंगावर काटा आला. मी देवाच्या दारात पुष्कळ वेळा उभी राहिलेय, पण असं कधी झालं नव्हतं.

दुसरी ओळ केली.

"पहाटेला विझवली सेटवरची लाइट,
डोळे लाल करून आले, मारली होती…"

"नाइट!" ह्यांना हसू पण आलं. त्या रात्रपाळ्या आठवल्या असणार.

पंधरा दिवसांत सगळी यमकं भरायला लागले. मी बिल्डिंगभर सांगत सुटले. पण रात्री जेवताना आमटी हवी असली की परत तेच, लाइट. मी सोडलेली जागा ते भरायचे, आपणहून काही मागायचे नाहीत. टाइट, फाइट हे माझे शब्द झाले हो, त्यांचे नाहीत. माझ्या मनात भीती बसली. हे आता मला कधी हाक मारणारच नाहीत का?

ती मुलगी म्हणाली, "आजी, आता जरा सैल यमकं घ्या. लाइन, साइड, टाइम. कानाला जवळची असली तरी पुरे."

मी साफ नाही म्हटलं. लंगडं यमक? माझ्या तोंडून? आयुष्यात नाही केलं. दोन आठवडे मी हट्टानं लाइट-हाइट करत राहिले आणि हे कंटाळून भिंतीकडे तोंड करायला लागले. शेवटी सूनच भडकली.

"आई, इथे काय हळदीकुंकू आहे? कोण हसणार आहे तुम्हाला?"

लागलं मला ते. पण खरं होतं. यमक माझं होतं, जीभ त्यांची होती, आणि मी माझ्या अब्रूसाठी ते पंधरा दिवस फुकट घालवले होते.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बसले. सून स्वयंपाकघरात चहा करत होती, गवती चहाचा वास सुटला होता. मी घसा साफ करून माझं आयुष्यातलं पहिलं लंगडं यमक म्हटलं,

"पॅकप झालं, पंखा फिरला, बंद झाली लाइट,
सावली बघून सगळ्यांनी धरली एक…"

मला साइड हवं होतं. हे गप्प. मी परत म्हटलं. त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराकडे बघितलं. ओठ पुढे आले. ला… म्हणून सुरुवात केली आणि मध्येच थांबले, तो शब्द हातानं बाजूला सारावा तसे. मग परत.

"चा… य."

सेटवर सगळे चायच म्हणतात. घरीसुद्धा हे तेच म्हणायचे, आणि मी तोंड वाकडं करून 'चहा म्हणा' सांगायचे. माझ्या ओळीत चाय कुठे बसत होता? कुठेच नाही. लाइटच्या नुसत्या जवळून गेला असेल, तेवढाच. पण तो त्यांना हवा होता. मी सोडलेल्या जागेत नाही, त्यांच्या स्वतःच्या जागेत आला तो.

मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही. तेवढ्यात ते माझ्याकडे बघून परत म्हणाले,

"चाय… गो."

हे अक्षर तर कुणीच शिकवलं नव्हतं. कशाशी जुळत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत तशीच बसून राहिले.

सून हातात गाळणी तशीच धरून दारात उभी होती. म्हणाली, "आई, उठा ना, चहा तुम्हीच द्या. तुम्हाला हाक मारली त्यांनी."