उसनं नाक

एखादं पान दिसलं की मावशी ते तोडायची, अंगठा आणि तर्जनीत चुरडायची आणि थेट समोरच्याच्या नाकाखाली धरायची. समोरचा तयार आहे की नाही, हे ती बघत नसे. "आधी वास घे, नाव मंग इचार," असं म्हणायची.

मेलबर्नच्या टोकाला, ट्रुगानिनातल्या आमच्या नव्या वसाहतीत ती माझ्या शेजारच्या घरात राहायची. अमरावतीकडच्या गावात नवरा वारला, तेव्हा मुलाने तिला इकडे आणलं. मुलगा-सून सकाळी सातला गाडी काढायचे, नात शाळेत जायची, आणि दिवसभर घरात उरायची मावशी आणि तिचा मसाल्याचा डबा. मी लॅबमध्ये शिफ्टला जाणारी, एकटी राहणारी. त्यामुळे दुपारी कुंपणावरून हाक मारायला मीच सापडायचे.

इथली माती तिने नाकानेच ओळखून घेतली. कौन्सिलने राउंडअबाउटवर शोभेची रोझमेरी लावली होती. मावशीने एका आठवड्यात तिचा वास घेतला आणि पुढच्या आठवड्यात ती वरणाच्या फोडणीत घातली. "लसणासंग बरी नांदते," असा दाखला दिला. सुपरमार्केटातली कोथिंबीर मात्र हुंगून परत ठेवायची. "हा काय सांभार आहे? नुसता पाणी पिऊन वाढला." कोथिंबिरीला तिकडे सांभार म्हणतात, हे मला महाराष्ट्र सोडून दहा वर्षांनी, मेलबर्नमध्ये कळलं.

समोरचा म्हातारा त्याच्या ड्राइव्हवेवर उगवलेल्या घोळावर तणनाशक मारायचा. मावशीचा जीव तुटायचा. "सांग त्याले, भाजी आहे म्हणा." मी जाऊन सांगितलं. "नो वरीज, मेट," म्हणत त्याने उरलेल्यावरही मारलं. नात म्हणाली, "आजी, दॅट्स जस्ट अ वीड." मावशी म्हणाली, "तुह्या बापाले इचार, कायच्यावर वाढला तो."

वसाहतीमागे ओढा आहे. त्याच्या काठावर रानटी बडीशेप माजते. तिची कोवळी पानं, लसूण, हिरवी मिरची आणि भाजलेले शेंगदाणे मावशी कच्चेच वाटायची. ती चटणी आणि ज्वारीची भाकरी खाऊन मी एकदोनदा शिफ्टला उशिरा पोचले आहे आणि ट्रेनवर ढकललं आहे.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या घरात सगळ्यांना ताप आला. सगळे बरे झाले. मावशीचाही ताप उतरला, खोकला गेला, पण वास काही परत आला नाही.

हे मला कळलं ते स्मोक अलार्ममुळे. दुपारी तो कोकलायला लागला तशी मी धावले. कढईत लसणाचा कोळसा झाला होता, धूर घरभर पसरायला लागला होता आणि मावशी शेगडीकडे पाठ करून शांतपणे भाकरी थापत होती. "कायले ओरडते हे?" तिने मलाच विचारलं. मी गॅस बंद केला. तेव्हा ती पिठाच्या हातांनी खुर्चीत बसली.

"मले वास येत नाई, पोरी. चार महिने झाले. मोहरीचा आवाज ऐकाचा, जिऱ्याचा रंग पाहाचा, हिंग चिमटीनं मोजाचा. असंच चालू आहे. तोंडात सारं माती लागते."

मी डॉक्टरचं नाव काढलं. ती घाबरली. "घरात सांगू नको. सांगशीन तं मले सोफ्यावर बसवून ठेवतीन. मंग मी इथं आहे कायले?"

तुम्ही असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. मी कोणाला न सांगण्याचं कबूल केलं.

तेव्हापासून तिने माझं नाक उसनं घेतलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी ओढ्यावर जायचो. ती पान चुरडून पूर्वीसारखीच माझ्या नाकाखाली धरायची, पण आता माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. "कसा आला?"

"बडीशेपेचा. गोड."

"अजून?"

मी काहीतरी जुळवून सांगायचे. पहिल्या पावसाचं सोडा, मला साधा ओव्याचा वास सांगता येत नाही. पण ती डोळे मिटून ऐकायची आणि मान डोलवायची. तेवढंच तिच्या वाट्याला उरलं होतं.

एकदा तिने धरलेल्या पानाला उंदराच्या मुतासारखी घाण आली. मी तोंड फिरवलं. तिने माझ्या हातातली जुडी घेऊन फेकली, पदराने माझी बोटं खसाखसा पुसली आणि घरी जाऊन साबणाने धुवायला लावली. मी फोनवर शोधलं तर ते हेमलॉक निघालं. बडीशेपेतच उगवतं, कोवळं असताना सहज मिसळून जातं, आणि विषारी आहे. "ह्याच्याचसाठी तुले आणतो," ती म्हणाली.

असं जवळजवळ वर्षभर चाललं. खरं सांगते, मला कंटाळा यायला लागला होता. आठवड्याला मिळणारी एक सुट्टी, आणि ती गवत हुंगण्यात घालवायची.

सप्टेंबरातल्या, म्हणजे इथल्या वसंतातल्या, एका सकाळी तिचा फोन आला. "येतं का, पोरी? कोवळी पालवी आली असंन."

मी पांघरुणात होते. "आज नको मावशी, शिफ्ट आहे. उद्या जाऊ."

"बरं. काम आधी," म्हणाली.

शिफ्ट नव्हती.

ती उद्यापर्यंत का थांबली नाही, मला माहीत नाही. एकटी गेली, पानं आणली, चटणी वाटली, भाकरीबरोबर जेवली. दुपारी मुलाला फोन केला की पायात जोर राहिला नाही. तो पोचेपर्यंत तिला बोलता येत नव्हतं. हॉस्पिटलात दोन दिवस मशीनने श्वास दिला, तिसऱ्या दिवशी ती गेली. ओट्यावर एका वाटीत चटणी झाकून ठेवलेली होती. ती माझ्यासाठी होती. डॉक्टरांनी ती तपासायला मागवून घेतली.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला उठले, आणि मुलगा मला घेऊन मागच्या अंगणात आला. मी सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. पण आधी तोच बोलला.

"आईला स्मेल येत नव्हता. तुला माहीत होतं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आम्हालाही माहीत होतं. एकदा नासलेल्या दुधाची खीर केली तिने. आम्ही तिघांनी खाल्ली, कोणी काही बोललं नाही. बोललो असतो तर तिने किचन सोडलं असतं. मग तिच्याकडे काय राहिलं असतं? ते क्रीकवर पानं आणायला जाणं बंद करावं असं दहादा वाटलं. पण तू असायचीस बरोबर. म्हणून मला टेन्शन नव्हतं."

मी कुंपणाकडे बघत राहिले.

"त्या दिवशी तुझी शिफ्ट होती ना? सकाळी आई म्हणाली मला फोनवर."

"हो," मी म्हणाले.

"तू स्वतःला दोष देऊ नकोस," तो म्हणाला आणि माझं ताट वाढायला आत गेला.