न दिलेला अंगठा

दिग्रसच्या कापूस-जिनिंगचा ट्रक हाकणारा उत्तमसिंग राठोड कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेला, तेव्हा त्याच्या बंजारा तांड्यात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ लादून अर्धा मुलूख तुडवला होता. याने समुद्र ओलांडला, एवढंच. निघताना त्याने रिवाजाप्रमाणे नायकाची रजा घेतली.

त्रेसष्ट साली तिकडची नोकरी सुटली आणि उत्तमसिंगने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र त्याच्या बायकोला, हंसाबाईला आलं. तिथे काम सुटलं की ठरल्या मुदतीत देश सोडावा लागे, आणि देश सोडायच्या परवान्याला मालकाचीच चिठ्ठी लागे. मालकाच्या मेव्हण्याने पेट्रोल परस्पर विकलं होतं. ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं. "मी चोरलं असं लिहून अंगठा कर, पोलिसांत जात नाही, चिठ्ठी देतो," असं मालक म्हणत होता. मुदत संपली तर तुरुंग. काय करू, असं उत्तमसिंगने विचारलं होतं.

दिग्रसचे मधुसूदनराव वकील जीव लावणारे. त्यांनीच पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढला. "हंसाबाई, करू द्या त्यांना अंगठा. इथे कोण पाहतंय? माणूस तर घरी येईल."

तांड्यातही तेच. थोरली जाऊ सुखीबाई तर भडकलीच. "नवऱ्यापरीस अंगठा मोठा झाला काय वं तुले?"

हंसाबाईचं माहेर पैनगंगेपल्याड, निजामाच्या राज्यातलं. तिथे तिच्या बापाला पोलीस ठाण्यात हजेरीचा अंगठा द्यावा लागे. त्याने चोरी केली नव्हती. लमाणाच्या पोटी जन्मला, तेव्हा कधीतरी करीलच, असं सरकारला वाटे. बाप पोरांच्या गालाला तो हात कधी लावत नसे. ती हजेरी बंद होऊन फार वर्षं झाली नव्हती. आणि आता घरच्या माणसाने, कुणी मान न धरता, स्वतःला चोर म्हणायचं?

ती नायक खेमसिंगकडे गेली. "नायक, माह्या घरच्यावर चोरीचा आळ हाये. नसाब बसवा." नसाब म्हणजे तांड्याची पंचायत.

"अवं, आळ घेणारा कुवेतात बसला!"

"मंग त्याले बोलवा."

खेमसिंग हसला, आणि हसता हसता थांबला. आळ घेणाऱ्याने तांड्यासमोर उभं राहून बोलावं, हा कायदा तर त्याच्याच बापजाद्यांचा.

नसाब बसली. नायकाच्या कारभाऱ्याने तांड्याच्या कडेला जाऊन मावळतीकडे तोंड करून हाक दिली, "कुवेतच्या मालका, ये, अन् आमच्या माणसानं काय चोरलं ते सांग!" कापसाच्या पऱ्हाटीतून एक चुकार शेळी बाहेर आली. "आला पाहा मालक!" कुणीतरी ओरडलं. बाया ओढणीत तोंड लपवून हसल्या. दुसऱ्या हाकेलाही थोडं हसू आलं. तिसऱ्या हाकेला मात्र कुणी हसलं नाही. सगळा तांडा रिकाम्या वाटेकडे बघत राहिला.

"आला नाही," नायक म्हणाला. "आळ खोटा पडला."

दुसऱ्या दिवशी हंसाबाई वकिलांपुढे उभी. "लिहा साहेब, अंगठा द्याचा नाही. मुदत गेली तं जाऊ द्या."

"तुरुंगात टाकतील हो!"

"टाकू द्या. तुरुंगातून माणूस सुटते. त्या अंगठ्यातून माहा बाप जलमभर सुटला नाही."

मधुसूदनरावांनी लिहिलं. मग आपणहून तिथल्या भारतीय वकिलातीलाही एक अर्ज धाडला.

मुदत संपली. उत्तमसिंग कोठडीत गेल्याची खबर आली. सुखीबाईने बोलणं टाकलं. हंसाबाई ताठ मानेने कापूस वेचायला जात राहिली. ओटीत कापूस किती आला, हे मात्र तिला कळत नसे. तिकडे वकिलातीचा माणूस चौकशीला गेला. मुदतीनंतर माणूस देशात राहिला, तर त्याला आणणाऱ्या मालकालाही जाब द्यावा लागतो, हे त्या मालकाला तेव्हा आठवलं. चिठ्ठी आपल्या पायांनी चालत कोठडीपर्यंत आली. तिच्यात चोरीचा शब्द नव्हता.

होळीच्या तोंडावर उत्तमसिंग तांड्याच्या वाटेवर दिसला. वाळलेला, डोक्यावर पत्र्याची पेटी. रिवाज मोडून हंसाबाई नायकाच्याही पुढे झाली.

"हात दाखवा."

त्याने हात पुढे केला. अंगठा काळाकुट्ट. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"ग्रीस हाये वं," तो म्हणाला. "यवतमाळहून येताना यष्टी बंद पडली. म्याच खोलली."

नायक गडगडून हसला. तिला मात्र हसू फुटेना; ती हात धरूनच उभी. तेवढ्यात सुखीबाई पाण्याची घागर आणि मूठभर राख घेऊन आली. कितीतरी दिवसांनी तिने तोंड उघडलं.

"घे, घास. तांड्यात मोठा तो अंगठाच हाये ना आता!"