गेलेल्या आवाजाचा आशीर्वाद

आधीच सांगते… मला भुतं दिसत नाहीत, सूचक स्वप्नं पडत नाहीत. कुणाच्या अंगात यायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. आम्ही ख्रिस्ती. रविवारी चर्चला जातो. पण तिथंही कुणी 'प्रभूनं मला सांगितलं' म्हणालं की मला वाटतं, मला बरं तो कधी काही सांगत नाही! चौथीपर्यंत शिकले. नात म्हणाली, आजी, इथं लोक असले अनुभव लिहितात, तू पण लिही. शुद्धलेखन तिनं बघितलंय, बाकी सगळं माझं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, इंदापूरची. आमचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत, एसटी स्टँड चालत जाण्याइतकं जवळ. माझे मालक योहान, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. सुतारकाम करायचे. आवाज असा की रंधा चालू असला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. तोंडात सतत बिडी, त्यामुळं आवाज घोगरा, आणि बोलता बोलता मधेच एकदा खाकरायचे.

यांच्या घरात एक रीत होती. कुणी परगावी निघालं की बाप डोक्यावर उजवा हात ठेवून मोठ्यानं म्हणणार, "पुढं देव, मागं देव, मधी तू. नीट जा." आणि शेवटी आमेनच्या जागी, "व्हय रं बापा." मुलं लहानपणी फिदीफिदी हसायची, पण तो हात डोक्यावर पडल्याशिवाय एसटीत बसायची नाहीत.

मुलगी सासरी निघाली की याला आणखी दोन ओळी जोडायच्या. त्या फक्त तेव्हाच, उंबऱ्यावर. एरवी त्या कुणी उच्चारायच्या नाहीत. मी त्या आयुष्यात एकदाच ऐकल्या होत्या, नणंद सासरी गेली तेव्हा, सासऱ्यांच्या तोंडून.

अप्पांचा नियम कडक. म्हणायचे, "मनातल्या मनात जेवून पोट भरतं का? आशीर्वाद तोंडानं बोलायचा, आन ज्याचा त्याच्या कानावर पडला पायजे."

मी म्हणायची, "का? देव बहिरा हाय का?"

"देव न्हाय. माणूस बहिरा हाय."

आमची मुलगी रूथ बारामतीला एका दवाखान्यात नर्स होती. तिनं आम्हाला न सांगता रजिस्टर लग्न केलं. मुलगा मिलिंद, जळोचीचा, बौद्ध घरातला, माळेगावला कारखान्याच्या ऑफिसात. मुलगा चांगला होता, हे मी पहिल्या भेटीतच ओळखलं. अप्पांनी मात्र त्याला कधी घराकडं फिरकू दिलं नाही. मला म्हणाले, "माझ्या उंबऱ्यावरनं गेली न्हाय ना ती? मग मी काय म्हनू, आन कुणाच्या डोक्यावर हात ठेवू?"

पुढं अप्पांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, काय बोलायचं ते आधी बोलून घ्या. सगळे नातेवाईक भेटून गेले. रूथ पण आली, हातात जेवणाचा डबा घेऊन. ती खाटेजवळ उभी राहिली आणि यांनी भिंतीकडं तोंड केलं. पोरगी किती वेळ तशीच उभी होती… शेवटी डबा माझ्या हातात देऊन गेली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आवाज संपला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे ऑपरेशन झालं की गळ्याला समोर भोक राहतं, श्वास तिथूनच. तोंडातून वाराच येत नाही, त्यामुळं कुजबुजता सुद्धा येत नाही. खोकला आला तरी भोकातून नुसतं फुस्स होतं. अप्पा पाटीवर लिहून बोलायचे.

इकडं रूथची दोन मुलं दिवस भरायच्या आधीच गेली. तिसऱ्या वेळी दिवस भरत आले आणि तिनं धास्तीनं अन्नच सोडलं. एका दुपारी नवऱ्याला घेऊन इंदापूरला आली. अप्पा ओट्यावर स्टूल करत बसले होते.

"अप्पा, भांडायला न्हाय आले मी," ती म्हणाली. "दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी माझा राहिलेला आशीर्वाद पायजे. त्याच्याबिगर ह्ये बी पोर हाताला लागायचं न्हाय, असं वाटतंय मला."

अप्पांनी गळ्याच्या भोकाकडं बोट केलं. पाटीवर लिहिलं — आवाज नाही.

मी म्हणाले, "होता तवा भिताडाकडं तोंड केलंत."

मला वाटलं पाटी फेकून मारतात आता. पण उठले. रूथचं मनगट धरून घरात नेलं आणि सासरी निघालेल्या मुलीसारखं उंबऱ्यावर आणून उभं केलं, तोंड बाहेर. मिलिंदराव अंगणात अवघडून उभे होते. त्यांनाही खुणेनं बोलावलं. त्यांनी मान वाकवली. एक हात तिच्या डोक्यावर, एक त्यांच्या. मग अप्पांचे ओठ हलायला लागले.

मी हाताच्या अंतरावर उभी होते. आवाज नाही. भोकातून फुस्स… फुस्स… तेवढंच. रूथचे डोळे मिटलेले, गालावरून पाणी. हात उचलल्यावर ती अंदाजानं "आमेन" म्हणाली. नंतर माझ्या कानात म्हणाली, "आई, मला काईच ऐकू आलं न्हाय गं." मी ते शब्द तिला सांगू शकले असते. पण माझ्या तोंडचे तिला नको होते.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. बारामती गाडी यायची होती. मिलिंदराव म्हणाले, "मामी, एक विचारू? मामांचा आवाज गेलाय असं तुम्ही म्हणता. मग आत्ता बोलले ते?"

रूथ भडकली. "असली चेष्टा करू नका हं."

"चेष्टा कशाची? एवढं मोठ्यानं म्हणाले, मी दचकलो! पुढं देव, मागं देव, मधी तू…"

"ते मीच सांगितलंय तुम्हाला."

"मग पुढचं? 'जिथं तुझी चूल, तिथं…'" इथं ते मधेच खाकरले. "असं खाकरले बघ. '…तिथं माझा उंबरा. भुकेली राहू नको, रुसून राहू नको. व्हय रं बापा.'"

रूथनं माझ्याकडं पाहिलं. "आई, पुढचं ह्येच हाय?"

"ह्येच हाय."

"आन खाकरले पण अप्पांसारखेच," ती म्हणाली आणि बाकावर बसली. मिलिंदरावांनी अप्पांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, हे आम्हा दोघींना एकदमच आठवलं. मग ती रडायला लागली, मधेच हसायला लागली, आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय." मी केळी घेतली. गाडी येईपर्यंत तिनं सगळी खाल्ली, साली माझ्या हातात.

घरी आले आणि अप्पांना विचारलं, "मघाशी मोठ्यानं बोललात का?"

पाटीवर उत्तर आलं — येडी हायस का.

मी झालेलं सांगितलं. त्यांनी लिहिलं — रूथनं ऐकलं?

"न्हाय. जावयानं."

त्यांनी पाटी पुसली. पुसलेली पाटी परत पुसली. मग रंधा उचलला आणि स्टुलाचा एक पाय नको तेवढा तासला. ते स्टूल आमच्याकडं अजून आहे, अजून डुगडुगतं.

मी पुष्कळ विचार केला. रूथनं सांगितलं म्हणावं, तर तिला त्या ओळी माहीतच नव्हत्या. नणंद केव्हाच वारली होती. मी बोलले नव्हते. मिलिंदराव देव मानत नाहीत. आजही म्हणतात, "मामी, देव मला मान्य नाही. पण ऐकलं ते ऐकलं." आणि हो, बाळंतपण सुखरूप झालं ते डॉक्टरांनी वेळेवर सिझर केलं म्हणून. त्याचं श्रेय मी आशीर्वादाला देणार नाही. त्या केळ्यांना थोडं देईन.

अप्पा नंतर थोडीच वर्षं जगले. तेव्हा झालेली मुलगी म्हणजेच हे शुद्धलेखन बघणारी नात. तिचं लग्न गेल्या वर्षी जळोचीला झालं. ती सासरी निघताना आशीर्वाद म्हणायला मिलिंदरावच पुढं झाले. अप्पांनी तो त्यांच्या कानात ठेवला होता, मग दुसरं कोण म्हणणार? लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी सगळा म्हटला, 'व्हय रं बापा' सकट. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते. आवाज मिलिंदरावांचाच होता, स्वच्छ, मधे कुठं खाकरले सुद्धा नाहीत.

शेजारी रूथ उभी होती. तिनं माझा दंड असा दाबला की वळ उठला.

"आई," ती म्हणाली, "अप्पा खाकरले."

मला काही ऐकू आलं नाही. का आलं नाही, तिला का आलं, आणि इतक्या वर्षांनी का… मला माहीत नाही. पण तो राहिलेला आशीर्वाद रूथचा होता, माझा नव्हता.