खोक्याखालचं झाड
चेन्नईत नुंगंबाक्कमच्या दुकानात नाताळची लाल पानांची झाडं दिसली, की शहराबाहेरच्या आवडी गावातल्या क्वार्टरमधलं ते वर्ष आठवतं. आमचं तसलंच झाड पुन्हा लाल व्हावं म्हणून मी ऑक्टोबरपासून रोज ऑफिसातून आल्या आल्या त्याच्यावर खोकं पालथं घालायची. त्याला चौदा तास अंधार लागतो. पण सगळं विसरत चाललेले सासरे ते थोड्या वेळानं काढून ठेवायचे. एकदा दमून मी ओरडलेच, "अप्पा, का छळताय मला?" ते हळूच म्हणाले, "अंधारात एकटं घाबरतं गं ते." मी खोकं रद्दीत टाकलं, त्यांच्या खोलीतला दिवा लावला आणि कुकर लावायला निघून गेले. झाड हिरवंच राहिलं. त्याचं काही नाही. पण त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ घटकाभर बसायचंही त्राण माझ्यात नव्हतं, हे अजून सलतं.