साहेबांसाठी साफ केलेला धुरा

पाहणीला येणाऱ्या आमच्या साहेबांची गाडी नेरहून निघाल्याचा फोन आला, तेव्हा मी नाल्याच्या काठावर कपाळाला हात लावून उभी होते. मागच्या खेपेला इथे गुडघाभर मारवेल गवत होतं. आता सगळं पिवळं पडून आडवं झालेलं. तणनाशकाचा वास अजून गेला नव्हता.

"कोणी केलं हे?" मी ओरडलेच.

सरपंच दिगांबरभाऊ हसत पुढे आले. "म्याच फवारून घेतलं, मॅडम. बंदा धुरा चकाचक! साहेब येऊन राह्यले ना!"

बंदा म्हणजे सगळा, आणि धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्या वऱ्हाडात ज्याच्या धुऱ्यावर गवत, तो कास्तकार आळशी. अशा घरी मुलगी द्यायचीही लोक टाळाटाळ करतात. आणि मी जलसंधारणाच्या नोकरीत याच लोकांना सांगत फिरत होते, की नाल्याकडच्या धुऱ्यावर गवत वाढू द्या. कपाशीला टाकलेला युरिया पावसात वाहून नाल्यात जातो. गवत असलं की पाणी थबकतं, माती खाली बसते, खत मुळांना मिळतं. आमच्या फाइलमध्ये याला 'बफर स्ट्रिप' म्हणतात. गावात 'मॅडमचा कचरा' म्हणत. तरी विनवण्या करून करून तो कचरा मी उभा केला होता.

"अहो भाऊ, हे गवत पाहायलाच तर साहेब येत आहेत!"

"असं काय? मंग त्याहीनंच असं काहून लिवलं?" भाऊंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. गावाच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज होता: 'व्हिजिटपूर्वी साइट क्लीन ठेवावी.'

साहेबांना गुटख्याच्या पुड्या उचला असं म्हणायचं होतं. पण साफ म्हटलं की आमच्याकडे धुराच आठवतो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

मागे देवकाबाई उभ्या होत्या. नाला जिथे मिळतो, तो तलाव त्यांच्या बचत गटाकडे मासेमारीला आहे. आदल्या वर्षी युरियावर शेवाळ माजलं, मग सडलं. शेवाळ सडताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. त्यात त्यांचे सगळे मासे मेले. यंदा मासे नको म्हणत होत्या, गवताच्या जोरावर मीच भरीस घातलं.

"मॅडम, तुमच्या भरोशावर म्या पिल्लं सोडली," त्या म्हणाल्या. "आता हे बंदं युरियाचं पाणी तलावात आलं त म्या कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

मला लाज वाटली. तेवढ्यात गाडी आली.

साहेबांनी उतरून चौफेर पाहिलं. "व्हेरी गुड! एकदम नीट अँड क्लीन!"

"सर, गवत मेलंय."

"कोणतं गवत?"

"बफर स्ट्रिप, सर. जी पाहायला आपण आलात."

साहेबांनी मेलेल्या गवताकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बोर्ड तयार आहे ना?"

बोर्ड तयार होता. 'येथे पाण्याच्या रक्षणासाठी गवत राखले आहे.' तो उजाड धुऱ्यावर ठोकला. त्याच्यापुढे नारळ फुटला, फोटो निघाले. हसावं की रडावं तेच मला कळेना.

गाडी गेल्यावर आम्ही पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, पेंढ्या आणून पाणी अडावं म्हणून उतारावर आडव्या टाकल्या. देवकाबाईंचा सगळा गट राबला. भाऊही राबले, फेटा सोडून. पण लागोपाठ पाऊस लागला आणि पेंढ्या वाहून गेल्या. तलाव हिरवा झाला. मग एका सकाळी मासे वर तोंड काढून तडफडताना दिसले. जाळं टाकून हाती लागले तेवढे विकले. बाकीचे मरून काठाला लागले.

ते मेलेले मासे देवकाबाईंनी टोपलीत भरले आणि थेट सरपंचांच्या ओसरीवर ओतले. "धुरा साफ केला ना भाऊ? आता हे बी साफ करा."

भाऊंनी स्वतः खड्डा खणून मासे पुरले. वास मात्र त्यांच्या ओसरीवरून लवकर गेला नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी पाण्याचं भाषण द्यायला उठले. देवकाबाईंनी मला खाली बसवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाल्याच्या धुऱ्यावरचं गवत आता चारा हाय. जो राखन त्याचीच म्हैस चरन." ठराव तिथल्या तिथे पास झाला. सर्वांत आधी हात भाऊंचा वर. गावात सर्वांत जास्त म्हशी त्यांच्याच.

आता तिथे कंबरभर मारवेल आहे. फवारणीचा पंप घेऊन कोणी तिकडे वळलं, तर भाऊ दुरूनच शिव्या घालतात. तलावातले मासे जगतात. बोर्डाकडे कोणी पाहत नाही.

नोकरीत मी एवढंच शिकले. पाणी वाचवा म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात, म्हशीचा चारा जाईल म्हटलं की राखण करतात. आणि साहेब येणार असले, तर गावाला आधी कळवायचं नसतं.