राणीनं ऐकलेला वन्स मोअर

पुलगावच्या माणसाला धमाक्याची सवय असते. लष्कराच्या हद्दीत जुना दारूगोळा निकामी करायचा असला की दिवसाढवळ्या जमीन हादरते, फडताळातली भांडी वाजतात आणि बोलणारा माणूस वाक्य न तोडता पुढे बोलत राहतो. बाहेरचे पाहुणे दचकतात आणि आम्ही हसतो. त्या वर्षी मात्र प्रत्येक धमाक्याला मी दचकत होतो. दिवाळीत बसलेला आईचा घसा संक्रांत उलटली तरी सुटला नव्हता.

आईचा आवाज गावाला माहीत होता. आमचं कापडाचं दुकान, आणि वडिलांच्या मागे गादीवर तीच बसायची. तिथून तिनं मला हाक मारली की मी रेल्वे फाटकाजवळ असलो तरी ऐकू यायची, आणि ऐकू आली नाही असं खोटं सांगायची सोय नव्हती. बायकांच्या भजनी मंडळात पहिली ओळ तीच उचलायची. तोच आवाज आता खरखरीत झाला होता. गिऱ्हाइकाला भाव सांगायलाही तिला दोनदा खाकरावं लागे.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ स्वरयंत्रात होती आणि स्वरयंत्र काढावं लागणार होतं. आत्ता काढलं तर जीव वाचण्याची चांगली आशा होती, पण आवाज कायमचा जाणार होता. वेळ घालवला तर दोन्ही जाणार. येत्या गुरुवारची तारीख मिळाली, फक्त सोमवारी आमचा होकार कळवायचा होता.

आई परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "सोमवारपर्यंत मले काई विचारू नका."

नेमक्या त्याच रविवारी टॉकीजमध्ये ते नाटक होतं.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या टॉकीजच्या मालकानं गच्चीवर डिशची मोठी छत्री बसवली होती आणि पडद्यावर क्रिकेटचे सामने थेट दाखवायला सुरुवात केली होती. लष्कराच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त होऊन इथेच घर बांधलेले एक मेजरसाहेब होते, त्यांना विलायती संगीताचं वेड. त्यांना कळलं की तिकडच्या एका चॅनलवर तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत नाटक, ज्याला ऑपेरा म्हणतात, नाट्यगृहातून जसंच्या तसं दाखवणार आहेत. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. त्यांनी मालकाला गळ घातली आणि मालक तयार झाला. रविवारी सकाळपासून ऑटोवर भोंगा फिरत होता, "आज संध्याकाळी, आपल्या टॉकीजमध्ये, थेट विलायतेतून, संगीत नाटक, लाईव्ह!"

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून नाटकाची गोष्ट आधी मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मेजरसाहेबांनी मला घरी बोलावून चहा पाजला आणि सगळं समजावलं. राणीचा नवरा लढाईवरून परत आलेला नाही, त्याचा भाऊ गादी बळकावून बसला आहे आणि राणीलाही मागतो आहे, वगैरे. शेवटी बोट उचलून म्हणाले, "मास्टरजी, एक बात जरूर बोलना. इसमें गाने का पहला हिस्सा आखिर में फिर से आता है. रिवाज है. नहीं बताओगे तो लोग समझेंगे मशीन अटक गई."

मी लिहून घेतलं. कागदाच्या अगदी खाली, शेवटचा मुद्दा म्हणून.

आईला मी नेणार नव्हतो. पण तिनंच धुतलेलं लुगडं काढलं आणि म्हणाली, "घरी बसून भिंतीकडं पाहू काय?" मग नेलं. मधल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवलं.

टॉकीज गच्च भरलेलं. पुढच्या बाकांवरची मंडळी क्रिकेटला यायची तशीच शिट्ट्या घेऊन आली होती. मी पडद्यासमोर उभा राहून गोष्ट सुरू केली आणि राणीचा दीर येईपर्यंत कुणीतरी ओरडलं, "मास्तर, बसा ना आता! तास घेऊन राह्यले काय?" सगळं थेटर हसलं. मला राग फार लवकर येतो आणि लोक हसले की जास्तच येतो. मी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि जागेवर जाऊन बसलो. शेवटचा मुद्दा तसाच राहिला. जाऊ द्या, कळत नाही तर नाही कळत, असंही मनात म्हणालो.

पडदा उजळला. एवढं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, हे आजही कबूल करतो. रंगवलेल्या लाकडी लाटा खरोखर हलत होत्या. वरून कापसाचा ढग उतरला आणि त्यात देव बसलेला. पेटीसारखं एक वाद्य होतं, पण आवाज तारांचा, फरशीवर चिंचोके सांडावेत तसा टणटणीत. मग दीर आला. चांगला दाढीवाला उंच गडी, आणि त्यानं तोंड उघडलं तर आवाज बाईचा! थेटर खदखदलं. आपल्याकडे पुरुषांनी लुगडी नेसून नाटकं गाजवली, तिथे दाढी ठेवून बाईचं गाणं, हे लोकांना फारच आवडलं.

त्याचं गाणं ऐन रंगात थोडं थांबलं तेव्हा मागून एकानं सवयीनं आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

आणि दाढीवाल्यानं सुरुवातीची ओळ पुन्हा धरली. या वेळी जास्त मुरक्या घेऊन.

मग एक जण ओरडला, "आयकून राह्यला बे तो! लाईव्ह आहे!" पुढचा सगळा वेळ थेटरनं मागायचं आणि विलायतेनं द्यायचं असं चाललं. गाणं मध्ये थांबलं की दोन-तीनशे गळ्यांतून वन्स मोअर, आणि पहिली ओळ हजर. एखाद्या ठिकाणी नाही आली तर लोक एकमेकांवरच खेकसायचे, "हळू ओरडलो आपण." मी मान वळवून मेजरसाहेबांकडे पाहिलं. ते रुमालानं डोळे पुसत हसत होते. मध्यंतरात मला म्हणाले, "आपने बताया नहीं?" मी म्हणालो, राहून गेलं. "अच्छा हुआ," ते म्हणाले. "ऐसे सुननेवाले वहाँ भी नहीं मिलेंगे." मलाही तेव्हा चांगलंच झालं असं वाटलं. उभा राहून सांगितलं असतं तर सगळ्यांचा विरस झाला असता, आणि माझी आणखी एक फजिती.

शेवटच्या अंकात राणीला कळतं की नवरा आता येत नाही. ती एकटीच उभी होती, मागे त्या लाकडी लाटा, आता अगदी सावकाश हलणाऱ्या. वाद्यांचा एकच उतरता सूर खालून पुन्हा पुन्हा येत होता. तिनं आवाज चढवला नाही. शिट्ट्या थांबल्या. शेंगा सोलणाऱ्यांचे हात थांबले. गाण्याचा मधला भाग संपला, वाद्यं थबकली, आणि या वेळी कुणालाच ओरडावंसं वाटलं नाही. असल्या दुःखाला वन्स मोअर कोण देणार?

माझ्या शेजारी खुर्ची वाजली. आई उभी राहिली होती. दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून, मान वर करून, त्या फाटक्या गळ्यातून तिनं हाक मारावी तसं म्हटलं, "वन्स मोअर!"

राणीनं डोळे उघडले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा गाऊ लागली.

थेटरनं वळून आईकडे पाहिलं. नंतर टाळ्या पडल्या त्या राणीला किती आणि आईला किती, सांगता यायचं नाही. आई गाणं संपेपर्यंत उभीच होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि टाळ्या वाजवायचा थांबलो. इतरांचा तो खेळ होता. आईनं मात्र ते खरं मानलं होतं.

रिक्षात ती म्हणाली, "आयकलं ना तिनं? समदं थेटर चूप होतं. मी एकटीनं म्हटलं."

"हो," मी म्हणालो.

"सात समुद्रापार गेला माझा आवाज. अन् हे म्हणतात काढून टाकू."

खिशात तो कागद होता. घडी उघडून तिच्या हातात द्यायचा, एवढंच काम. शेवटची ओळ वाच म्हणायचं. पण कित्येक आठवड्यांनी तिच्या तोंडावर हसू होतं, आणि कबूल करायचं म्हणजे रागाच्या भरात मी काय गाळलं तेही सांगावं लागणार होतं. मी ठरवलं, सकाळी सांगू. सकाळी ती माझ्याआधी उठून अंगणात गुणगुणत होती. दवाखान्याला फोन करायच्या वेळी तिनं मान हलवली. "नाई करायचं आपरेशन. देवानं दाखवलं मले."

मी समजावलं, ओरडलो, डॉक्टरांचं नाव काढलं. सगळं बोललो, तेवढं एक सोडून. गुरुवार आला आणि गेला. त्या दिवशी हद्दीतून लागोपाठ तीन धमाके झाले आणि आई दुकानात कापड फाडत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

नंतर दोन-तीन वेळा ती भजनात गायली. बायकांना ती सांगायची की मले विलायतेच्या राणीनं आयकलं. उन्हाळ्यात आवाज कुजबुजीवर आला. पोळ्यापर्यंत तोही गेला. डॉक्टर म्हणाले, आता काढून उपयोग नाही, गाठ पसरली. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. मी शाळेतून एक पाटी आणून दिली, तिच्यावर ती लिहायची.

एका दुपारी तिनं लिहिलं, "थे नाटक पुन्हा येईन काय? आवाज वापस मांगतो तिले."

मला संताप आला. तिच्यावर की माझ्यावर, तेव्हा कळलं नाही. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. की राणी तसंही पुन्हा गाणारच होती. की प्रत्येक गाण्याचा तो रिवाजच होता. की कुणीही कुणाचं ऐकलं नव्हतं. की मला ते आधीपासून माहीत होतं आणि माझ्या खिशात लिहिलेलं होतं.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. नळीतून श्वासाचा आवाज येत होता. तिनं पदरानं पाटी पुसली, नीट पुसली, आणि वेळ घेऊन लिहिलं.

"तवाच काऊन नाई सांगतलं?"

पाटी तिनं माझ्यासमोर धरली. कितीतरी वेळ तिनं ती खाली ठेवली नाही. ती उत्तराची वाट पाहत होती.